भागाबाईच्या पायांवरचं पाणी

आधी माझ्याविषयी सांगते, म्हणजे "बाई देवभोळी दिसते" असं म्हणून कुणी पान उलटायला नको. आमचं घर दीक्षा घेतलेलं. घरात देव्हारा नाही, अंगारे-धुपारे नाहीत, रस्त्यात उतारा दिसला तर आम्ही भावंडं त्यातला नारळ उचलून आणायचो आणि आई त्याची चटणी करायची. वडील म्हणायचे, "देवालाच मान देत नाही, मग भुतांचे लाड कशाला?" त्यात मी नर्स. इतकी माणसं माझ्या डोळ्यांसमोर गेली, त्यातलं एकही परत आलं नाही. त्रास दिला तो जिवंत माणसांनीच!

या सदरात दर वेळी कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या स्कूटरला घाटात कुणीतरी हात करतं... मी वाचते आणि मिस्टरांना वाचून दाखवत हसते. आता माझीच पाळी आलीय हसं करून घ्यायची. घ्या.

गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची. नाशिकला पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे एका ट्रस्टचा छोटा वृद्धाश्रम होता. तिथे मी सिस्टर होते – म्हणजे औषधं देणं, जखमा बांधणं, भांडणं सोडवणं आणि वेळ पडली तर बंबात लाकडं सारणं, हे सगळं. इमारत म्हणजे भाजीच्या व्यापाऱ्याचं जुनं गोदाम, वर पत्रे. एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष, मध्ये अंगण आणि मागे शहाबादी फरशीची मोठी उघडी मोरी. मदतीला शालनबाई होती, मखमलाबादची. तोंडाने फटकळ, पण हात फार मऊ. आणि सगळ्यांच्या वर आमचे सेक्रेटरी, खैरनार सर. निवृत्त हेडमास्तर. एक पैसा न घेता रोज सकाळी सायकलवर यायचे आणि आश्रम शाळेसारखा चालवायचे. आम्ही सगळेच त्यांना टरकून असायचो.

डिमेन्शिया हा शब्द तेव्हा आमच्या कानावरूनही गेलेला नव्हता. डॉक्टर केसपेपरवर 'सिनाईल' लिहायचे, आम्ही म्हातारचळ म्हणायचो आणि कामाला लागायचो. विसरणारे म्हातारे सांभाळणं सोपं असतं हो. विसरून शांत बसले तर! पण काहीजण सगळं विसरतात आणि तरी त्यांना कुठेतरी जायचं असतं. सारखं. घाईने. ती घाई बघवत नाही.

भागाबाई त्यातली. देवळ्याकडची, बोलणं अहिराणी वळणाचं. पुतण्या तिला सोडून गेला तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, "आत्या आता कुणाला वळखत नाय, आन् एका जागी बसत पण नाय." दोन्ही खरं होतं. नवरा, मुलं, गाव, काहीच तिला आठवत नव्हतं. जेवलेलं आठवत नव्हतं. पण उजाडलं की ही उठणार, लुगड्याचा पदर खोचणार आणि आश्रमातलं दार न् दार वाजवत सुटणार. "उशीर व्हई गया, माय, उशीर व्हई गया," एवढंच तोंडात. उशीर कशाला झाला ते विचारलं की आपल्याकडेच असं बघायची, जणू वेडे आपणच.

दोनदा ती फाटकाबाहेर गेली. दुसऱ्यांदा सापडली ती गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या पायऱ्यांवर, गुडघ्याएवढ्या पाण्यात. आता, मी नोकरीला लागण्याच्या आधी आश्रमातले एक आजोबा असेच गेले होते आणि त्यांना ओळखायला सरांनाच घाटावर बोलावलं होतं. त्यामुळे सरांनी त्या दिवशी एकच निर्णय दिला. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडायच्या आणि भागाबाईचे हात कॉटला बांधायचे.

आम्ही बांधले. मीच बांधले. तिने ओढून ओढून मनगटं सोलून घेतली. मी मलम लावायचे आणि वर परत पट्टी बांधायचे... या नोकरीचा इतका संताप मला आधी कधी आला नव्हता, नंतरही नाही.

शेवटी मी सरांशी भांडले. चक्क ऑफिसात उभी राहून, आवाज चढवून. सर चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, मला कुणाला बांधायची हौस नाही. पण मला पुन्हा घाटावर कुणाला ओळखायला जायचं नाही. तुम्ही तिला सकाळची एका जागी बसवून दाखवा, पट्ट्या मी स्वतः चुलीत घालीन. नाही जमलं तर दिवाळीनंतर तिला ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल. तिथे निदान कुलपं आहेत."

झालं. मी कामाला लागले. पुरुषांकडे माझा एक प्रयोग चांगला लागू पडला होता. शंकरराव म्हणून एसटीतले कंडक्टर होते, दिवसभर येरझारा घालायचे. त्यांना मी चामड्याची जुनी पिशवी आणि तिकिटं टोचायचा पंच मिळवून दिला. बाकीच्या आजोबांना बाकावर ओळीने बसवलं. शंकरराव जुन्या कॅलेंडरच्या तुकड्यांना टकटक भोकं पाडून सगळ्यांना वाटायचे, मग तोंडाने डबल बेल मारायचे आणि एकदम निवांत होऊन बसायचे. गाडी सुटली, आता काळजी नाही! एकदा खैरनार सरांनाच "पुढे सरका" म्हणाले, तेव्हा सर मुकाट्याने पुढे सरकले होते.

पण भागाबाईला काय द्यावं ते कळेना. निवडायला तूरडाळ दिली, तिने ताट उलटं केलं. वाती वळायला कापूस दिला, तो खाऊ लागली. कपड्यांच्या घड्या, लसूण, माळेची फुलं... सगळं झालं. ती नुसती दाराकडे बघायची.

मग एका दुपारी, मी जेवणापुरते तिचे हात सोडले होते तेव्हा, ती जमिनीवर बसली. दोन्ही पाय सरळ लांब, घोटे जुळवलेले, लुगडं गुडघ्याच्या वर. कितीदा तिला असं बसलेलं पाहिलं असेल मी, आणि दर वेळी लुगडं खाली ओढलं होतं. शालनबाई भाकरी वाढता वाढता हसली. "बघा ना सिस्टर, कशी बसलीय. जशी काय बाळाला न्हाऊ घालायला!"

मी तिथेच उभी राहिले. सकाळची घाई, प्रत्येक दार वाजवणं, उशीर झाला, उशीर झाला... मी पुतण्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. हो, आत्या गावात बाळंतिणींकडे जायची, बाळं न्हाऊ घालायला, म्हातारी होईस्तोवर. त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

मी जुन्या गोधडीचं एक बाळ शिवलं, आत कापूस. भागाबाईने हातात घेतलं आणि भिरकावून दिलं. "हाई पोर नही, हाई चिंधी शे!" बरोबरच होतं तिचं. तान्ह्या मुलाला वजन असतं. मी शिवण उसवली, कोठीतली बाजरी आत भरली, मान जरा सैल ठेवली आणि पुन्हा तिच्या हातात दिलं.  तिने सगळ्यात आधी मान धरली.

त्यानंतरच्या सकाळी बघण्यासारख्या होत्या. मोरीत पाट, पाटावर भागाबाई, पाय लांब. पायांवर बाळ. तेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी. न्हाऊ घालणारीला पाणी ओतायला दुसरी बाई लागते, ते काम माझं. "हळू वत," असं ती मला दटावायची. कपाळावर हाताचा आडोसा धरायची, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. मग पालथं घालून पाठ. शेवटचा तांब्या बाळावरून ओवाळून टाकायचा आणि पंच्यात गुंडाळायचं. एवढं झालं की भागाबाई दिवसभर शहाणी. जेवायची, झोपायची, दाराकडे बघायचीसुद्धा नाही. पट्ट्या कॉटखाली पडून राहिल्या. सरांनी लांबून दोन-तीनदा पाहिलं. त्यांना दिवाळीपर्यंत बघायचं होतं.

आणि दिवाळी तोंडावर आली असताना बाळाला मोड आले.

हसू नका. मीही हसले होते आधी. रोज कोमट पाणी, वर पंच्यात गुंडाळून उबेला ठेवायचं, आणि आत बाजरी! मटकीला आपण दुसरं काय करतो? शिवणीतून पांढरे कोंब बाहेर आले होते आणि आंबूस वास सुटला होता. शेतकऱ्याची नात मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. शालनबाई म्हणाली, "सिस्टर, आता याची भाताच्या खाचरात लावण करा." पण ते बाळ टाकावंच लागलं. दुसरं शिवायचं तर कापड हवं, वजनाला काहीतरी हवं, आणि उजाडलेलं तर होतंच. नेमके त्याच सकाळी सर लवकर आले.

भागाबाई उठली होती. पदर खोचून दाराशी. "उशीर व्हई गया..." मी तिला धरून मोरीवर नेलं, पाटावर बसवलं, म्हटलं निदान बसून तरी राहील. ती बसली, पाय लांब केले आणि हात पुढे केले. द्या, असे. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तिचे हात तसेच पुढे राहिले आणि मग थरथरायला लागले. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मागे सर उभे होते, दारात. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. ते हळूच म्हणाले, "शालनबाई, त्या पट्ट्या आणा."

त्याच क्षणी भागाबाईचे हात थांबले.

थरथर गेली. हात जरा खाली झाले, वजन घेतल्यावर होतात तसे. तिने काहीतरी पायांवर ठेवलं. एक हात मानेखाली, एक बुडाखाली, मग अलगद मानेखालचा हात सोडवून घेतला. शेजारच्या वाटीतलं तेल चोळलं – पोटावर, दंडांवर, एकेक पायावर. नाक दोन बोटांनी वर ओढलं. बाहुलीच्या वेळी तिने असं कधी केलं नव्हतं, बाहुलीला नाक नव्हतंच. तिचा चेहरा... कसं सांगू... मी त्या घरात इतके म्हातारे चेहरे पाहिले, पण एवढं लक्ष देऊन बघणारा एकही नाही. ती त्या बाळाकडे बघत होती.

"वत," ती मला म्हणाली.

मी सरांकडे पाहिलं. मग भागाबाईला बरं वाटावं म्हणून तांब्या भरला आणि तिच्या रिकाम्या पायांवर पाणी सोडलं.

पाणी पायांपर्यंत गेलं नाही.

मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते आहे, अर्थ तुम्ही लावा. तांब्यातली धार तिच्या नडग्यांच्या वर, साधारण वीतभर उंचीवर अडली. तिथे फुटली आणि दोन्ही बाजूंनी ओघळून फरशीवर पडली. धार मी पुढे नेली, तसं पाणी त्या नसलेल्या पोटावरून, त्या नसलेल्या छातीवरून वाहत गेलं. मध्येच ते जरा हललं. तान्हं मूल पाण्याखाली हातपाय झाडतं ना, तसे थेंब उडाले. माझ्या तोंडावर उडाले. भागाबाईने कपाळावर आडोसा धरला आणि पाणी तिच्या बोटांवरून मागे गेलं. माझा हात थांबला की ती "वत, वत" म्हणायची आणि मी ओतायचे. भीती वाटली का? नाही. त्या वेळी भीती नावाची गोष्टच नव्हती तिथे. मला फक्त पाणी गार होऊ नये असं वाटत होतं.

शालनबाई पट्ट्या हातात घेऊन मागे उभी होती. तिने त्या खाली टाकल्या, मला आवाज ऐकू आला.

शेवटचा तांब्या भागाबाईने स्वतः ओवाळून टाकला. मग मान वर करून तिने सरांकडे पाहिलं आणि एखाद्या नवख्या बापावर ओरडावं तशी ओरडली, "उभा काय ऱ्हायना? पंचा धर!"

खैरनार सर, ज्यांना कधी कुणी अरे-तुरे केलं नव्हतं, ते चपला काढून मोरीत आले. दोरीवरचा पंचा काढला, दोन्ही हातांवर पसरला आणि वाकले. भागाबाईने त्यात ठेवलं.

पंचा मध्ये झोळीसारखा खाली गेला.

सरांचे हात खाली गेले, मग त्यांनी सावरले. सर अविवाहित. एवढंसं मूल त्यांनी आयुष्यात कधी हातात घेतलेलं नसणार. "मान धर, मान!" भागाबाई खेकसली. सरांनी डावा हात हळूच सरकवला आणि पंच्याखालून मान धरली. मग ते हललेच नाहीत. मी अगदी जवळ होते. मला वास आला. सरकारी दवाखान्यात मी बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलेलं आहे, नुकत्या न्हालेल्या बाळाच्या टाळूचा वास मला कुणी शिकवायला नको. धूर, ओलं कापड आणि तो वास.

किती वेळ गेला ते खरंच माहीत नाही. भागाबाई उठली, पाय पुसले, पदर सोडला आणि आपल्या कॉटवर जाऊन झोपली. काम झालं होतं तिचं. सर मोरीत उभे. मग हळूहळू पंचा सपाट होत गेला, एकदम नाही, झोपलेलं मूल कुणीतरी हलक्या हाताने उचलून न्यावं तसा. त्यावर मधोमध एक ओला डाग होता, लांबट. त्या पंच्यावर कुणी थेंबभरही पाणी ओतलेलं नव्हतं.

 शालनबाईने टाकलेल्या पट्ट्या सरांनी वाकून उचलल्या, बंबाजवळ गेले आणि आत घातल्या. जळून जाईपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहिले. ठाण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता तुम्ही म्हणाल तेल. मीही म्हटलं. तेलकट अंगावरून पाणी ओघळतं, सकाळचं तिरपं ऊन, डोळ्यांची फसगत. म्हणून घरी न्हाणीघरात पायांना तेल चोळून मी स्वतःवर पाणी ओतून पाहिलं. मिस्टरांनी दार वाजवून विचारलं, "आज सण आहे का?" पाणी कातडीवरून घसरलं, पण कातडीवरूनच. वीतभर उंचीवर अडायला काहीतरी लागतं हो. एकाला भास होईल, तिघांना एकच भास कसा होईल? आणि भास झाला तर झाला, पंचा ओला कसा झाला? डॉक्टरांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझंच ब्लडप्रेशर तपासलं. शालनबाई म्हणाली, "कुठलं तरी पोर न्हायाचं राह्यलं आसंल, सिस्टर. आलं आन् न्हाऊन गेलं." तिला एवढं पुरलं. मला आजही पुरत नाही, पण याहून बरं मला काही सुचलेलंही नाही.

पुढे मी वाळू भरून नवं बाळ शिवलं. वाळूला मोड येत नाहीत. भागाबाईने ते घेतलं आणि रोज न्हाऊ घातलं, आणि पाणी बाहुलीवरून जसं जायचं तसंच गेलं. ते पुन्हा कधी घडलं नाही. मी वाट बघायचे, खोटं कशाला बोलू. भागाबाई त्यानंतरचा उन्हाळा संपताना गेली, झोपेत. तिची मनगटं केव्हाच भरून आली होती.

त्या सकाळबद्दल सरांशी मी कधी बोलले नाही. ती माणसं वेगळी होती, विचारायची सोय नव्हती. काही वर्षांनी सर आजारी पडले. मी भेटायला गेले तर आवाज खोल गेलेला, हात पांघरुणावर पडलेले. मी नाडी बघायला त्यांचा हात हातात घेतला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं, आश्रमाच्या पत्र्यांचं, शंकररावांचं. मी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात सोडला नाही.

"सिस्टर," ते म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्या दिवशी... मान मी नीट धरली होती ना?"

मी म्हटलं, "हो सर. अगदी नीट धरली होती."